किती पेट्या सांगितल्या?

फेब्रुवारीतली एक सकाळ. आदल्या रात्री निफाडच्या पट्ट्यात पाऊस होऊन गेला होता. फार नाही, पत्र्यावर वाजून थांबावा एवढाच. पण साखर भरलेल्या द्राक्षाच्या मण्याला तेवढाही पुरतो. पाणी शोषून मणी फुगतो, साल ताणते आणि उकलते. सकाळपासून बागांमधून फोनवर फोटो येत होते. घड वरून बघावा तर जसाच्या तसा, उलटा धरला की तडे. काढणी थांबली होती. एरवी या दिवसांत आमच्या पॅकहाऊसमध्ये शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. क्रेट आपटत असतात, ट्रॉल्या घरंगळत असतात, टेबलांच्या दोन्ही बाजूंनी कात्र्यांची टिकटिक चालू असते. त्या दिवशी बायका टोप्या आणि हातमोजे घालून नुसत्या बसून होत्या. वजनकाटे शून्यावर. आवाज काय तो माल गार करायच्या, प्रीकूलिंगच्या खोलीतल्या पंख्यांचा. अशात रॉटरडॅमचा फोन आला, आमची द्राक्षं तिकडे जातात. ‘सो, व्हेअर आर वुई?’ असं तिकडच्या गृहस्थाने विचारलं आणि मी लगेच म्हणाले, ‘स्लो स्टार्ट टुडे, बट वुई आर पिकिंग अप स्टीम.’ गृहस्थ खूश. ‘ग्रेट, कीप मी पोस्टेड.’ फोन ठेवला तर समोर आमचा सुपरवायझर उभा. निफाडकडचाच पोरगा, हातात आवक नोंदवायची वही. त्याने सरळ विचारलं, ‘ताई, किती पेट्या सांगितल्या तुम्ही त्याला?’

‘पेट्या नाही सांगितल्या.’

‘मग एवढा वेळ बोललात काय?’

टोमणा नव्हता त्यात. त्याला खरंच कळलं नव्हतं. त्याच्या वहीत एकेका ट्रॉलीपुढे आकडा असतो, बागाईतदाराशी त्याचं बोलणंही आकड्यांतच चालतं. ‘बाग किती दिवसांची?’ म्हटलं की ऑक्टोबर छाटणीपासून मोजलेले दिवस पुढून येतात. ‘साखर किती?’ म्हटलं की ब्रिक्स मीटरवरचा आकडा येतो. बाग चांगली चाललीय, जोर धरतेय, असलं काही तिथे कुणी बोलत नाही, आणि बोललं तरी ऐकणारा ‘ते जाऊ दे, मीटर काय म्हणतं?’ असंच विचारतो. त्याचा तो प्रश्न पुढे कितीतरी दिवस माझ्या डोक्यातून जाईना. जेवताना, बसमध्ये, द्वारकेच्या चौकात गाड्या तुंबलेल्या असताना मध्येच आठवायचा. इंग्रजीत मी बोलले होते ते चूक नव्हतं, खोटंही म्हणता येणार नाही. दुपारनंतर पलीकडच्या कोरड्या पट्ट्यातला माल यायचा होता. पण सांगितलं काय, तर काहीच नाही. आणि ते इतक्या सफाईने सांगितलं होतं की स्वतःचंच कौतुक वाटलं होतं.

मी शिकले इगतपुरीच्या मराठी शाळेत. इंग्रजी पाचवीपासून. (पहिलीपासून इंग्रजी आलं २००० साली, तोवर आमचं सगळं आटोपलं होतं.) वेगाचा म्हणावा असा पहिला इंग्रजी वाक्प्रचार आम्हाला मिळाला तो ‘बाय लीप्स अँड बाउंड्स’. निबंधात कुठेतरी घालायचा आणि खाली पट्टीने रेघ ओढायची, म्हणजे पेपर तपासणाऱ्याच्या डोळ्यात भरतो, असं सरांनी सांगून ठेवलेलं. मग काय, दहावीपर्यंत आमच्या वह्यांमध्ये देश, विज्ञान, सहकार, दूरदर्शन, स्त्रीशिक्षण, सगळंच उड्या मारत पुढे गेलं. बाहेर इगतपुरीचा पाऊस. जूनमध्ये लागला की दसऱ्यापर्यंत पाठ सोडायचा नाही. दप्तराला बुरशीचा वास, गणवेश चुलीपाशी वाळवलेला म्हणून त्याला धुराचा वास, खिडकीतून ढग आत येऊन फळा दिसेनासा व्हायचा आणि तास तिथेच थांबायचा. अशा वर्गात बसून आम्ही लिहायचो, अवर कंट्री इज प्रोग्रेसिंग बाय लीप्स अँड बाउंड्स. ते खरं की खोटं हा प्रश्न कुणाला पडला नाही. त्याला गुण होते.

नोकरीत आल्यावर कागदाचं इंग्रजी मला भराभर आलं. फायटो सर्टिफिकेट (मालाला कीड-रोग नसल्याचा दाखला), रेसिड्यू रिपोर्ट, ग्रेपनेट या सरकारी संकेतस्थळावरच्या नोंदी, बिल ऑफ लेडिंग (जहाजावर चढवलेल्या मालाची पावती). या कागदांना अलंकार लागत नाहीत. वजन, तापमान, बागेचा नोंदणी क्रमांक, औषधाचा अंश किती सापडला, बस्स. माझं घोडं अडलं ते फोनवरच्या आणि मेलमधल्या इंग्रजीपाशी. तिथे माणसं सरळ बोलतच नव्हती. चेंडू घरंगळायला लावू या, जमिनीला पाय टेकताच पळायला लागू या, नव्या माणसाला वेगावर आणू या, हे काम गोगलगायीने चाललंय, ते पाय ओढतायत, ती फाइल पाइपलाइनीत आहे, आणि पुन्हा आपण पहिल्या चौकोनात आलो. मी एक लाँगबुक घेतली. डाव्या बाजूला वाक्प्रचार, उजवीकडे तो कुणी, कधी आणि नेमकं काय चाललेलं असताना वापरला. अर्थ शब्दकोशात मिळतो, वेळ मिळत नाही, म्हणून ही उजवी बाजू. कॉलेज रोडला संध्याकाळच्या स्पोकन इंग्लिशच्या वर्गालाही काही महिने जाऊन आले. तिथे सगळी पोरं कॅम्पस इंटरव्ह्यूवाली, मी एकटीच केस पिकलेली. मुलाखतीत ‘हार्डवर्किंग’ म्हणू नका, ‘आय हिट द ग्राउंड रनिंग’ म्हणा, असं मॅडम सांगायच्या आणि पोरं ते मोबाइलमध्ये उतरवून घ्यायची.

वही भरत गेली तशी उजव्या बाजूला एक गंमत दिसायला लागली. ‘ऑन ट्रॅक’ म्हटलं गेलं तेव्हा ट्रक अजून ओझरच्या पुलाखाली होता. ‘इन द पाइपलाइन’ म्हटलं तेव्हा पैसे मंजूरच झाले नव्हते. ‘गॅदरिंग मोमेंटम’ मी तीन वेगवेगळ्या माणसांच्या तोंडून ऐकलं, आणि तिघांचंही काम त्या क्षणी ठप्प होतं. ‘वुई आर गेटिंग देअर’ म्हणणारा कुठे पोचायचंय हे कधीच सांगत नाही. उलट कंटेनर भरून, सील लागून, न्हावा शेवाच्या रस्त्याला लागला की त्या दिवशीची मेल एका ओळीची असते. लोडेड, सील नंबर अमुक, तापमान शून्य.

झालेल्या कामाला वाक्प्रचार लागत नाही.

आणखी एक. रॉटरडॅमचे ते गृहस्थही डच. इंग्रजी त्यांचीही आईची भाषा नाही. त्यांनीही कधीतरी कुठल्यातरी शाळेत, कुठल्यातरी वहीत हे सगळं उतरवून घेतलं असणार. म्हणजे एक नाशिकची बाई आणि एक हॉलंडचा माणूस, दोघंही तिसऱ्याच्या भाषेतली वाफ एकमेकांना दाखवतायत, आणि मध्ये खरी गोष्ट एकच, द्राक्षं. हे लक्षात आलं तेव्हा मला त्यांच्याबद्दल एकदम आपुलकी वाटली. त्यांच्या मेलमध्ये मग मी चुका शोधू लागले. त्या सापडल्या नाहीत, याचं जरा वाईट वाटलं.

वाफेचा विषय निघाला म्हणजे अण्णा आलेच. माझे वडील रेल्वेत होते. मनमाडला लागले, पुढे बदली होऊन इगतपुरीला आले आणि गुड्स गार्ड म्हणून निवृत्त झाले. आता नाशिकरोडला माझ्याकडे असतात. सरकारने २०२२ साली गार्डचं नाव बदलून ‘ट्रेन मॅनेजर’ केलं, तेव्हा ते दोन दिवस घरात कुणाशी धड बोलले नव्हते. (‘मॅनेजरला झेंडी कोण देणार?’) त्यांना इंग्रजी येत नाही, असं ते स्वतःच सांगतात. प्रत्यक्षात त्यांचं बोलणं अर्धं इंग्रजीतच असतं. लाइन क्लिअर, होम सिग्नल, स्टार्टर, शंटिंग, बँकर, कॉशन, डिटेन्शन. ते त्यांच्या लेखी इंग्रजी नव्हे, रेल्वे. एका रविवारी माझी वही टेबलावर राहिली आणि ती त्यांच्या हाती लागली. चष्मा लावून, बोट फिरवत, अर्धा तास वाचत बसले. मग म्हणाले, ‘अगं, हा सगळा आमचाच माल आहे की.’

खरंच होतं. पिकिंग अप स्टीम, रनिंग आउट ऑफ स्टीम, ऑन ट्रॅक, ऑफ द रेल्स, डिरेल, साइडट्रॅक. इंग्लंड-अमेरिकेत रेल्वे घरोघरी पोचली तसे तिचे शब्द रेल्वेत कधी न बसलेल्या कामांनाही चिकटले. अण्णांना एकेक शब्द वाचताना मात्र समोर यंत्र दिसत होतं. मनमाडला मीटरगेजवर ते लागले तेव्हा वाफेची इंजिनं होती. ‘पिकिंग अप स्टीम म्हणजे काय, स्टीम झालं की नाही ते काट्यावर दिसतं,’ ते म्हणाले. थंड इंजिन पेटवलं की काही तास जायचे. तेवढा वेळ काटा हळूहळू वर चढायचा. ड्रायव्हर फायरमनला ‘कसं काय चाललंय’ विचारत नसे, काट्याकडे बघत असे. ‘लेट ऑफ स्टीम’ हा वाक्प्रचार तर त्यांना पटलाच नाही. माणसाने मनातलं भडाभडा बोलून टाकलं की इंग्रजीत असं म्हणतात, हे मी समजावलं. ते म्हणाले, सेफ्टी व्हॉल्व्ह उडून वाफ बाहेर गेली म्हणजे कोळसा फुकट गेला, त्याबद्दल फायरमनला बोलणी बसायची, त्यात मोकळं कसलं व्हायचं?

‘पुल आउट ऑल द स्टॉप्स’वर ते बराच वेळ थांबले. मग म्हणाले, हे बरोबर आहे, सगळे हॉल्ट काढून टाकले तर गाडी लवकरच पोचणार. मला हसू आवरेना. हा वाक्प्रचार चर्चमधल्या ऑर्गनचा. त्या वाद्याला खुंट्या असतात, त्यांना स्टॉप म्हणतात. सगळ्या बाहेर ओढल्या की वाद्याचा पुरा आवाज सुटतो, म्हणून त्याचा अर्थ जीव तोडून, सगळी ताकद लावून. अण्णांनी ऐकून घेतलं आणि सांगितलं, ‘माझाच अर्थ जास्त सोपा आहे.’ वहीच्या उजव्या बाजूला मी दोन्ही लिहून ठेवलेत.

पण खरी मजा ‘साइडट्रॅक’ला आली. आपण विषयावरून भरकटलो की साइडट्रॅक झालो म्हणतो. मालगाडीच्या गार्डाचं अर्धं आयुष्य त्यातच जातं. मागून मेल-एक्स्प्रेस येत असली की मालगाडी लूपला, म्हणजे बाजूच्या रुळावर, टाकतात. पाडळी, अस्वली, लहवित, पुढे ओढा, खेरवाडी. कुठेही. आजूबाजूला भाताची खाचरं, बेडूक, ब्रेकव्हॅनमध्ये मिणमिणता कंदील. पंचवटीसारखी गाडी धाडधाड करत निघून जाते आणि आपली गाडी आहे तिथेच. त्या वेळाला अण्णा ‘खोळंबा’ म्हणत नाहीत, ‘डिटेन्शन’ म्हणतात, आणि त्याची नोंद करावी लागे. किती वाजता आत घेतली, किती वाजता काढली, कारण. गाडी उभी राहिली यात लाज काही नव्हती. नोंद नसणं ही लाज.

मी त्यांना विचारलं, की मग तुमच्यात कुणी उगाच ‘सगळं ठीक आहे’ असं म्हणत नसे का? स्टेशनमास्तर तरी? तेव्हा त्यांनी प्रायव्हेट नंबरची गोष्ट सांगितली. गाडी सोडण्याआधी पुढच्या स्टेशनाकडून लाइन क्लिअर घ्यावी लागते. पुढच्या मास्तरने फोनवर नुसतं ‘क्लिअर आहे’ म्हणून चालत नाही. त्याच्यासमोर दोन आकडी संख्यांचा छापील तक्ता असतो. त्यातली एक संख्या तो सांगतो आणि आपल्याकडे खोडून टाकतो. इकडचा ती रजिस्टरमध्ये लिहितो. तो प्रायव्हेट नंबर. संख्येला स्वतःचा अर्थ काहीच नाही. ती एवढंच सांगते, की हे वाक्य मी म्हणालो, आणि उद्या नाकारणार नाही. तसंच कॉशन ऑर्डरचं. पुढे रूळ बदलत असतील, पुलाचं काम चालू असेल, तर ड्रायव्हर आणि गार्डाच्या हातात कागद देतात. अमुक किलोमीटरपासून तमुक किलोमीटरपर्यंत, ताशी वीस, कारण. ‘जपून जा’ असं कुणी लिहून देत नाही. अण्णा म्हणाले, ‘जपून म्हणजे किती? माझं जपून वेगळं, ड्रायव्हरचं जपून वेगळं.’

हे ऐकल्यापासून फोनवर कुणी ‘ऑन ट्रॅक’ म्हणालं की माझ्या मनात पहिला प्रश्न हाच येतो, प्रायव्हेट नंबर काय? ज्या कामात हे शब्द जन्मले तिथे त्यांच्या मागे काटा होता, किलोमीटर होता, सही होती. तिथून ते ऑफिसात आले ते हात हलवत.

बोगद्याचंही असंच. ‘लाइट ॲट द एंड ऑफ द टनेल’ हा वाक्प्रचार आमच्या मालकांचा फार आवडता. बाजारभाव पडलेला असला की ते हमखास वापरतात. थळ घाटात बोगद्यांना तोटा नाही. ३७ फुटांमागे एक फूट चढ आहे. १८६५ पासून तिथे गाड्या चढताहेत आणि आजही कसाऱ्याला मागून बँकर इंजिनं लागतात, ती इगतपुरीपर्यंत रेटतात. रेल्वेच्या हिशेबात मुंबईपासून लांब जाणारी गाडी डाउन, म्हणून आमच्याकडे घाट चढते ती डाउन गाडी, याचं लहानपणी मला कोडं पडायचं. तर अण्णांनी सांगितलं की बोगद्याच्या टोकाचा उजेड ड्रायव्हरला दिसतो. गार्ड शेवटच्या डब्यात. मागे इंजिन नसलं आणि व्हॅनच्या मागच्या कठड्याशी उभं राहिलं, की गार्डाला दिसतं ते आपण जिथून आत शिरलो ते तोंड. ते लहान लहान होत जातं, नाण्याएवढं होतं आणि वळणावर विझतं. पुढचा उजेड त्याला कळतो तो एकदम अंगावर आल्यावर. मालकांच्या मीटिंगमध्ये हे सांगावं असं मला दर वेळी वाटतं. आम्ही कागदपत्रांवाले गाडीच्या शेवटच्या डब्यातच असतो.

समुद्रावरचे शब्द अण्णांच्या हद्दीबाहेरचे. ते मला माझ्या कंटेनरनी शिकवले. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि सुएझमधून जाणाऱ्या बऱ्याच कंपन्यांनी जहाजं आफ्रिकेला वळसा घालून, केप ऑफ गुड होपवरून नेली. युरोपची वाट दहा-बारा दिवसांनी, काहींची त्याहून जास्त लांबली. द्राक्षाला दहा दिवस म्हणजे काय, हे द्राक्षवाल्यालाच विचारावं. देठ हिरवा आहे तोवर माल ताजा, देठ वाळला की गिऱ्हाईक पनेटला, म्हणजे द्राक्षांच्या छोट्या डब्याला, हात लावत नाही. त्या हंगामात मेलमध्ये सारखं यायचं, ‘द व्हेसल इज मेकिंग हेडवे.’ हेडवे म्हणजे जहाजाचं पाणी कापत पुढे सरकणं. एरवी आपण कुठल्याही रखडलेल्या कामाला तो शब्द लावतो, इथे तो अगदी शब्दशः होता आणि तरीही त्यातून काही कळत नव्हतं. म्हणून मी जहाजाच्या ट्रॅकिंगचं पान उघडून बसायला लागले. तिथे एक छोटा बाण आणि बाजूला आकडा. चौदा नॉट.

अण्णांना हा आकडा भलताच आवडला. नॉट म्हणजे काय विचारलं. पूर्वी दोरीला ठरावीक अंतरावर गाठी मारायचे, तिच्या टोकाला लाकडी फळी बांधून मागे पाण्यात सोडायचे आणि वाळूचं घड्याळ रिकामं होईपर्यंत किती गाठी हातातून सरकल्या ते मोजायचे. त्या गाठींवरून जहाजाचा वेग. ताशी एक सागरी मैल म्हणजे एक नॉट, १.८५२ किलोमीटर. अण्णांनी पंचांगाच्या मागच्या कोऱ्या जागेत गुणाकार केला. ‘जवळजवळ सव्वीस. आमची मालगाडी सरासरी एवढीच पडायची.’ त्यानंतर रोज रात्री जेवण झालं की, ‘कुठे आलं आपलं जहाज?’ मी मादागास्कर म्हणायचे, ते ॲटलस उघडायचे. इंग्रज लोक खूप वेगाने जाण्याला ‘ॲट अ रेट ऑफ नॉट्स’ म्हणतात हे मी त्यांना सांगितलं. ‘किती नॉट?’ असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, ते नाही सांगत, नुसतं नॉट्स. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी काहीतरी अर्धवट शिकून आले आहे.

आता यावरून कुणी म्हणेल की इंग्रजी धूर्त आणि आपली मराठी मात्र रोखठोक. त्याने नाशिकमध्ये आठवडाभर राहून दाखवावं. सिंहस्थ आला २०२७ चा, त्यामुळे सध्या जिकडेतिकडे उकरलेलं आहे आणि प्रत्येक खड्ड्यापाशी एक फलक आहे, ‘काम प्रगतिपथावर आहे’. आमच्या घराजवळ असा एक फलक आहे. पावसाळ्याआधी तो कोरा करकरीत होता, आता त्यावरचा ‘प्र’ उडालाय. फलकापाशी फावडं नाही, माणूस नाही, एक कुत्रं तेवढं सावलीला झोपतं. पण प्रगतिपथाचं एक वेळ चालेल, तो निदान ओळखू येतो. आपली खरी करामत वेगळी आहे. इंग्रज आकडा टाळून धुकं करतो, आपण आकड्याचंच धुकं करतो. दोन मिनिटांत आलो. दोन दिवसांत होऊन जाईल. पाच मिनिटं बसा. या दोनाचा आणि पाचाचा घड्याळाशी काडीचा संबंध नाही हे सांगणाऱ्याला माहीत, ऐकणाऱ्याला माहीत. आमच्या मालकांनी एकदा हेच रॉटरडॅमला सांगितलं, इंग्रजीतून. रिपोर्ट कधी मिळेल? ‘टू डेज.’ तिसऱ्या दिवशी त्यांच्या सकाळी आठ वाजता फोन आला. टू डेज झाले, रिपोर्ट कुठे? मालक फोनवर हात ठेवून मला म्हणाले, ‘हा माणूस मोजत बसला होता काय?’

आणि मी तरी काय वेगळं करते? त्याच पावसानंतर संध्याकाळी एका बागाईतदारांचा फोन आला. त्यांचा माल दुसऱ्या दिवशी काढायचा ठरला होता. तो आता बाहेर जाणार नव्हता, हे त्यांनाही दिसत होतं, मलाही. मी म्हणाले, ‘बघू दादा, काहीतरी मार्ग निघेल. मालकांशी बोलणं चालू आहे, लावू आपण मार्गी.’ पलीकडे जरा वेळ काहीच नाही, मागे मोटरसायकलचा आवाज. मग ते म्हणाले, ‘ताई, दोन एकर गेली. एक एकर निघंल. त्या एका एकराची गाडी कधी पाठवता, एवढं सांगा.’ मार्गी लावण्याची भाषा मी त्यांच्यासाठी केली होती की माझ्यासाठी, हे अजून मला नक्की सांगता येत नाही. सगळं धुकं वाईट असतं असंही मला वाटत नाही. अपेशाची बातमी आकड्यात ऐकायला प्रत्येकाची छाती सारखी नसते, आणि सांगायलाही नसते. दवाखान्यात डॉक्टर ‘सुधारणा आहे’ म्हणतात तेव्हा आपण कुठे टक्के विचारतो? पण त्या माणसाने टक्के स्वतःच काढून ठेवले होते, आणि त्याला फक्त गाडीची वेळ हवी होती. मी सहा वाजता म्हणाले. पाठवली.

हल्ली रॉटरडॅमच्या मेलमध्ये मी पहिल्या ओळीत पेट्या लिहिते. आज आलेल्या, पॅक झालेल्या, बाकी. कंटेनरला वीस पॅलेट लागतात, पैकी किती उभी आहेत. वाक्प्रचार त्याखाली. ते सोडवत नाहीत मला, इतक्या मेहनतीने जमवलेले आहेत आणि काही तर फार गोड आहेत. ‘स्लो अँड स्टेडी’ लिहिताना अजूनही इसापाचं कासव दिसतं, ‘स्टक इन अ रट’ म्हटलं की चिखलात बैलगाडीच्या चाकोरीत फसलेलं चाक दिसतं, जे मी घोटीच्या बाजाराला जाताना प्रत्यक्ष पाहिलेलं आहे. रॉटरडॅमकडून उत्तर येतं तेही आता आकड्यांनी सुरू होतं. मग खाली एखादा ठेवणीतला वाक्प्रचार असतो. मध्यंतरी त्यांनी एक असा पाठवला जो माझ्या वहीत नव्हता आणि शब्दकोशातही सापडला नाही. डचमधला उचलून जसाच्या तसा इंग्रजीत घातलेला असावा. त्या दिवशी मला फार बरं वाटलं.

अण्णांना मात्र नवीन नाद लागलाय. परवा सोसायटीच्या टाकीचा व्हॉल्व्ह गळायला लागला. प्लंबर आला, वर चढून बघितलं, खाली आला आणि म्हणाला, ‘काका, वॉशर गेलाय. घेऊन येतो, दोन मिनिटांत.’ अण्णा दारातच उभे. ‘नंबर?’ पोराने बिचाऱ्याने आपला मोबाइल नंबर सांगितला. अण्णांनी काही न बोलता तो डायरीत लिहिला, पुढे वेळ टाकली, ११.२०. मग खुर्ची गॅलरीत ओढून जिन्याकडे तोंड करून बसले. प्लंबर उगवला तेव्हा त्यांनी आधी घड्याळ बघितलं, मग त्याला आत घेतलं आणि नोंद पुरी केली. आगमन १२.०५. डिटेन्शन ४३ मिनिटं. कारण, जेलरोडचं दुकान बंद, उपनगरहून वॉशर आणला. खाली त्याला सही करायला लावली. त्यानेही केली.